अडकलेल्या नोटेचं मूळ १९८३ सालात

स्टुडिओत येणाऱ्या नव्या मुलांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. "सर, कीबोर्ड सॉफ्टवेअरमध्ये दिसतोय, पण रेकॉर्डच होत नाहीये." "एक पट्टी दाबली की नोट डबल वाजते." "हात उचलला तरी नोट थांबत नाही." मग संगणकाला शिव्या बसतात, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं जातं, अख्खी दुपार जाते. नाटकांचं पार्श्वसंगीत आणि जिंगल्स कीबोर्डवर बांधण्यात माझं आयुष्य गेलं. माझं ठाम मत आहे की यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ १९८१ ते १९८३ या काळात काही माणसांनी घेतलेल्या निर्णयांत आहे. ते निर्णय माहीत असले की दोष कुठे शोधायचा हेही समजतं.

ते निर्णय होते मिडीचे, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं आणि संगणक एकमेकांशी जोडणाऱ्या सामायिक भाषेचे. मिडी येण्याआधी काय अवस्था होती, ते मुंबईतल्याच एका रेकॉर्डवरून कळतं. हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली एचएमव्हीसाठी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ऱ्हिदम मशीन आणि टीबी-३०३ हे बेसचं यंत्र. तिन्ही रोलँडची. ८०८ आणि ३०३ एका केबलने जोडता येत, पण त्या केबलमधून जायचे ते फक्त लयीचे ठोके, एका मात्रेला २४. स्वर कोणता, दाब किती, यातलं काहीच जायचं नाही. शेजारी दुसऱ्या कंपनीचं वाद्य असेल तर त्याला हे ठोकेही समजतील याची खात्री नसे. ती रेकॉर्ड मी आजही मुलांना ऐकवतो. इतक्या तुटपुंज्या जोडणीवर त्या माणसाने जे उभं केलं, त्याचं मोल मोठं आहे.

रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांना ही फाटाफूट खुपत होती. सगळ्या कंपन्यांसाठी एकच जोडणी असावी, हा विषय त्यांनी १९८१ साली अमेरिकेतल्या उत्पादकांपुढे काढला. तो मनावर घेतला डेव्ह स्मिथ यांनी. सिक्वेन्शियल सर्किट्स ही त्यांची कंपनी, आणि १९७८चा प्रॉफेट-५ हा त्यांचा गाजलेला सिंथेसायझर. १९८१मध्येच सहकारी चेट वूड यांच्यासह त्यांनी ध्वनिअभियंत्यांच्या परिषदेत पहिला आराखडा मांडला. पुढे यामाहा, कॉर्ग, कावाई हेही चर्चेत आले. जानेवारी १९८३मध्ये कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमच्या वाद्यप्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एका केबलने जोडले गेले. एकावर पट्टी दाबली, दुसरा वाजला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिडीची नियमावली प्रसिद्ध झाली. तिच्यावर कुणी मालकी सांगितली नाही, रॉयल्टी मागितली नाही. बाजारात एकमेकांचे स्पर्धक असलेल्या माणसांनी हे केलं, आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

हे सगळं करायचं होतं ते स्वस्तात. म्हणून ध्वनियंत्रांवर आधीच रुळलेलं पाच पिनांचं सॉकेट घेतलं. वेग ठरवला सेकंदाला ३१,२५० बिट, कारण दहा लाखांना ३२ने भागलं की हाच आकडा येतो आणि त्या काळच्या साध्या चिपला तो सहज काढता येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या केबलमधून आवाज पाठवायचाच नाही, फक्त आकडे पाठवायचे, असं ठरलं.

मधला सा, म्हणजे पांढरी एकचा, दाबून बघा. कीबोर्डमधून तीन आकडे निघतात: १४४, ६०, ९०. पहिला आकडा सांगतो की पहिल्या चॅनेलवर नोट सुरू करा, दुसरा पट्टी सांगतो, तिसरा दाब. बोट उचललं की वेगळा निरोप निघतो, साधारणपणे १२८ने सुरू होणारा. सुरू करण्याचा निरोप एक आणि थांबवण्याचा दुसरा. हा दुसरा वाटेत हरवला, की समोरचं वाद्य इमानदारीने वाजतच राहतं. नोट अडकते ती अशी. म्हणून नियमावलीत १२३ क्रमांकाचा 'सगळ्या नोटा बंद' हा हुकूम आहे, आणि सॉफ्टवेअरमधलं पॅनिकचं बटण मुख्यतः तेच काम करतं. ते दाबूनही नोट पुन्हा पुन्हा अडकत असेल तर सस्टेन पेडल काढून बघा. पेडलवर पाय ठेवून कीबोर्ड चालू केला तर काही कीबोर्ड पेडलचा अर्थ उलटा धरतात.

नोट डबल का वाजते? १९८३मध्ये पट्ट्या आणि आवाज एकाच खोक्यात होते. पट्टी दाबली की खोकं स्वतः वाजे आणि बाहेरही निरोप पाठवी. पुढे मध्ये संगणक आला. अटारी एसटीला तर १९८५पासून मिडीची सॉकेटं घरचीच होती. संगणक तोच निरोप परत कीबोर्डकडे पाठवू लागला, आणि नोट दोनदा वाजू लागली. यावरचा उपाय नियमावलीत आधीपासून आहे: १२२ क्रमांकाचा 'लोकल कंट्रोल'. तो बंद करा.

आवाज उशिरा येतो म्हणून केबलला दोष देऊ नका. तीन आकडे पोहोचायला एक मिलिसेकंदही लागत नाही. उशीर होतो तो संगणकाने आवाज तयार करण्यात. सेकंदाला ४४,१०० नमुने असताना बफर १,०२४ ठेवला तर २३ मिलिसेकंद तिथेच जातात. १२८ ठेवला तर जेमतेम तीन.

मींडेचं दुखणं मात्र आपलं आहे आणि खोल आहे. आकाशवाणीवर १९४०पासून तीन दशकं हार्मोनियमला बंदी होती, त्यामागे पट्ट्यांवर मींड निघत नाही हे एक मोठं कारण होतं. मिडीने स्वर वाकवण्यासाठी १६,३८४ पायऱ्यांचं चाक दिलं. पण चाक फिरलं की त्या चॅनेलवरचे सगळेच स्वर सरकतात. तानपुरा त्याच चॅनेलवर असेल तर षड्जही घसरतो. शिवाय वाकणं दोन श्रुतींचं की अख्ख्या सप्तकाचं, हे निरोपात नसतं, ते समोरच्या वाद्यात ठरलेलं असतं. एका वाद्यावर घोटून बसवलेली मींड दुसऱ्यावर भलतीकडे जाते ती यामुळे. मिडी बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पियानो होता, आणि त्याची किंमत आपण आजही मोजतो. मी तानपुऱ्याला कायम वेगळं चॅनेल देतो आणि मींडेची मर्यादा गाण्याच्या फाइलवर लिहून ठेवतो.

काकेहाशी २०१७ साली गेले, स्मिथ २०२२ साली. त्याआधी २०१३मध्ये दोघांना तांत्रिक ग्रॅमी मिळालं होतं. २०२०मध्ये मिडी २.० आलं, एकेका स्वराला वेगळं वाकवण्याची सोय घेऊन. पण जुने निरोप त्यात मोडीत काढलेले नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी रेकॉर्डिंग झालं नाही तर सॉफ्टवेअर उडवण्याआधी एवढं करा. पट्टी दाबल्यावर निरोप येतोय का, ते आधी मिडीच्या दिव्याकडे बघून तपासा. येत नसेल तर केबल बघा, कारण केबलवर 'इन' लिहिलेलं टोक बहुतेक वेळा कीबोर्डच्या 'आउट'मध्ये घालायचं असतं. येत असेल तर ट्रॅक रेकॉर्डसाठी आर्म केलाय का आणि चॅनेल जुळतंय का, ते पाहा. सॉफ्टवेअरला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी.