चिखलदऱ्याचा घाट आणि हवेवर थंड होणारी फटफटी

अचलपूर समुद्रसपाटीपासून साधारण पावणेचारशे मीटरवर आहे आणि चिखलदरा अकराशे मीटरच्या वर. अचलपुराला लागून असलेल्या परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे मधलं अंतर तीसेक किलोमीटरचं. डिसेंबर १८०३मध्ये इंग्रजांनी चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाला वेढा घातला, तेव्हा कर्नल स्टीव्हन्सनची फौज एलिचपुराहून, म्हणजे आजच्या अचलपुराहून, याच डोंगरांत शिरली. तोफा न्यायला वाट नव्हती. ती काढत, माणसांच्या हातांनी तोफा ओढत फौजेने कित्येक दिवस घालवले. १५ डिसेंबरला गड पडला. पुढे सुमारे १८० वर्षांनी त्याच डोंगरावर ९८ सीसीची एक जपानी वळणाची मोटरसायकल दोन माणसांना घेऊन तासाभरात चढू लागली. ही गोष्ट त्या गाडीची आणि तिच्या सोबतिणींची आहे.

एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिन्जन्ट या फौजेच्या छावणीमुळे परतवाडा वाढला. आज अचलपूर आणि परतवाडा एकाच नगरपालिकेत आहेत, पण लाकडाचे डेपो, मेळघाटाकडे जाणाऱ्या गाड्या आणि गॅरेजांची वर्दळ परतवाड्याच्या बाजूला जास्त. मूर्तिजापूर-अचलपूर ही ७७ किलोमीटरची नॅरोगेज लाइन शकुंतला रेल्वेची. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन तिच्यावर एप्रिल १९९४पर्यंत धावलं, आणि मूर्तिजापूर गाठायला चारेक तास घेत असे. म्हणजे ती ९८ सीसीची गाडी, यामाहा आरएक्स १००, बाजारात आल्यानंतरही तब्बल आठ-नऊ वर्षं शकुंतला वाफेवरच चालत होती. वेळेची घाई असलेल्या माणसाला मोटरसायकलचं मोल का वाटलं असेल, ते या एका गोष्टीवरून कळतं.

सुरुवात मात्र आरएक्सपासून झाली नाही. मैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ साली चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर २५० सीसीची जावा बनवायला घेतली, १९७३पासून तिचं नाव येझदी झालं आणि १९७८मध्ये रोडकिंग आली. दोन सायलेन्सर, एकच सिलिंडर, आणि किक व गिअर यांना मिळून एकच दांडी. या गाड्यांना टाकीतल्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागे. घाटाच्या दृष्टीने ही फार मोठी बाब होती. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला मिळणारं वंगण पेट्रोलसोबतच येतं. चिखलदऱ्याहून उतरताना चालकाने ॲक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून गाडी गिअरमध्ये सोडली, तर इंजिन जोरात फिरत राहतं, पेट्रोल थांबतं आणि त्याच्याबरोबर ऑइलही. पुढच्या एखाद्या वळणावर पिस्टन सिलिंडरला धरतो आणि मागचं चाक लॉक होतं. म्हणून जाणता चालक उतारावर अधूनमधून ॲक्सिलरेटर पिळून इंजिनाला ऑइल पाजत राहतो. टू-स्ट्रोकला इंजिनाचा ब्रेक जवळजवळ नसतोच, त्यामुळे हे करताना सगळी भिस्त ड्रम ब्रेकवर. पावसाळ्यात, धुक्यात, ओल्या ड्रमसह तो घाट उतरणं हे खरं कौशल्य होतं. वेगाच्या गप्पा मारणाऱ्यांनी त्याची फारशी वाखाणणी केली नाही, ही खेदाची गोष्ट.

१९८३ साली एस्कॉर्ट्सने राजदूत ३५० आणली. मूळ जपानी यामाहा आरडी ३५० ही ३४७ सीसीची, दोन सिलिंडरांची, सहा गिअरची गाडी. जपानी मॉडेलची ३९ अश्वशक्ती इथे ३०.५वर उतरवली आणि नंतरच्या लो टॉर्क आवृत्तीत २७च्या आसपास आणली. पुढचा डिस्क ब्रेकही गेला, त्याजागी ड्रम आला. तरीही त्या काळातल्या भारतीय रस्त्यावर तिच्याइतकं चपळ दुसरं काही नव्हतं. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर होणाऱ्या शर्यतींनी तिचं नाव देशभर नेलं. पण ती पेट्रोल फार पिई आणि सुटे भाग महाग होते. कापसाच्या हंगामावर घरखर्च चालणाऱ्या मुलखात अशी गाडी पोसणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं. दशक संपता संपता ती बंद पडली.

तिच्या धाकट्या बहिणीचं नशीब निराळं निघालं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने लहान मोटरसायकलींसाठी परदेशी भागीदारी मोकळी केली आणि सुझुकी, होंडा, यामाहा, कावासाकी असे चारही जपानी कारखाने भारतीय कंपन्यांचा हात धरून आत आले. आरएक्स १०० नोव्हेंबर १९८५ची. ११ अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या जेमतेम वर, चार गिअर. ऑइलची टाकी वेगळी, त्याचा पंप इंजिनावर, त्यामुळे पेट्रोल पंपावर बाटलीने माप घालायची कटकट संपली. ॲक्सिलरेटर बंद असतानाही तो पंप थोडं ऑइल देत राहतो. घाट उतरणाऱ्याला ही केवढी मोठी सोय!

आता उन्हाबद्दल बोलायला हवं, कारण या गाड्यांचं आयुष्य वऱ्हाडात उन्हानेच ठरवलं. मे महिन्यात अमरावती-अकोल्याकडे पारा ४५ अंशांपार जातो. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला पाण्याचं जाकीट नसतं, सिलिंडरवरच्या फिन्सवरून जी हवा वाहील तीच काय ती. गाडी पळत असेल तोवर ठीक. दोन माणसं, सामान, पहिला-दुसरा गिअर, चढ आणि मागून येणारा वारा, असा मेळ जमला की फिन्सवरून वाहणारी हवा जवळजवळ थांबते, इंजिनाचं काम मात्र सर्वांत जड असतं. त्यात वऱ्हाडातली काळी माती. पावसाळ्यात ती फिन्सच्या फटींत बसते, वाळून दगडासारखी होते आणि उष्णता आतच कोंडते. म्हणून इथे गाडी धुणं म्हणजे नुसती टाकी चमकवणं नव्हे. काडी घेऊन फिन्समधली माती काढणं ही देखभालीतली पहिली पायरी आहे.

बाकीची देखभाल हाताची आणि डोळ्याची. प्लग काढून त्याचा रंग बघायचा: तांबूस-तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर, पांढरट असेल तर पेट्रोल कमी पडून इंजिन तापतंय, काळाकुट्ट असेल तर पेट्रोल वा ऑइल जास्त होतंय. काही हजार किलोमीटरनंतर हेड उघडून पिस्टनच्या माथ्यावरचा आणि एक्झॉस्ट पोर्टमधला कार्बन खरवडायचा, सायलेन्सरची आतली नळी काढून जाळून साफ करायची. सिलिंडर झिजला की लेथवर रिबोर करून मोठा पिस्टन बसवायचा, पाव मिलिमीटरच्या एकेका पायरीने, चार पायऱ्यांपर्यंत. त्यानंतर सिलिंडरची स्लीव्ह बदलायची. एवढं सगळं तालुक्याच्या गावातला मिस्त्री संगणकाशिवाय, पाने आणि फीलर गेज एवढ्यावर करू शके. ही यंत्रं वीस-तीस वर्षं टिकली याचं श्रेय कारखान्याइतकंच या हातांना द्यायला हवं.

मॉडिफिकेशनच्या बाबतीत मात्र तरुणांनी या गाड्यांवर बराच अन्याय केला. सर्वांत लाडकी खोड सायलेन्सर कापण्याची. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर केवळ आवाज दाबत नाही. त्याच्या फुगीर-निमुळत्या आकारामुळे दाबाची लाट परत येते आणि सिलिंडरमधून निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा आत ढकलते. तो कापला की आवाज वाढतो आणि खालच्या वेगातली ओढ जाते, म्हणजे नेमकी घाटात लागणारी ताकद नाहीशी होते. शिवाय एअर फिल्टर काढून टाकला की हवा वाढते. कार्ब्युरेटरचा जेट मात्र तोच राहतो. मिश्रण पातळ होऊन पिस्टनचा माथा वितळून भोक पडू शकतं. शहाणे बदल कमी दिखाऊ असतात. मागचं स्प्रॉकेट थोडं मोठं घेतलं तर वरचा वेग घटतो, पण चढ सोपा होतो. राजदूतवर पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणं आणि पुढे डिस्क ब्रेक चढवणं, या दोन्हींना माझ्या मते जीव वाचवणारे बदल म्हणायला हरकत नाही.

१९९६ साली धुराचे निकष कडक झाले. त्याच वर्षी आरएक्स १०० बंद झाली आणि मैसूरचा येझदीचा कारखानाही. टू-स्ट्रोकची जागा फोर-स्ट्रोकने घेतली: १९९९मध्ये हिरो होंडाची सीबीझेड, आणि नोव्हेंबर २००१मध्ये बजाजची पल्सर, १५० आणि १८० सीसीत. पल्सरही हवेवरच थंड होणारी, पण तिला पेट्रोलसोबत जाळायचं टू-टी ऑइल लागत नव्हतं, उतारावर इंजिन ब्रेक देत होतं आणि सर्व्हिस सेंटर जिल्ह्यात होतं. २००८ला यामाहा आर१५ आणि २०१२ला पल्सर २००एनएस पाण्याच्या रेडिएटरसह आल्या, आणि वेगवान गाडी म्हणजे हवेवरची गाडी हे समीकरण मोडलं. २०१८ला परतलेली जावा आणि २०२२ला परतलेली येझदीसुद्धा पाण्यावर थंड होणाऱ्या आहेत.

जुन्या गाडीच्या मालकापुढे आज कायद्याचाही प्रश्न आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायचं, म्हणजे एमएच-२७ क्रमांकाच्या गाडीला अमरावतीच्या आरटीओसमोर उभं राहावं लागतं. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ सांगतं की नोंदणीपत्रातला तपशील आणि कारखान्याने ठरवलेलं रूप यांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. आरएक्स १००ला मोठ्या आरएक्स १३५चा सिलिंडर-ब्लॉक बसवला, तर कागदावर ९८ सीसी आणि चाकावर दुसरंच काही, असं होतं. कर्कश सायलेन्सर तर राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी रोडरोलरखाली घातले. त्यामुळे ज्यांनी उमेदीत मूळ सायलेन्सर, मूळ फिल्टरचा डबा आणि मूळ ब्लॉक भंगारात घातला, ते आता तेच भाग अनेक पटींनी जास्त पैसे देऊन शोधत फिरतात.