उपनगरातील कौटुंबिक छायाचित्रे : इतिहासाचे एक उपेक्षित साधन

१

कांदिवलीचे नाव विद्वानांच्या लेखनात ठळकपणे आले ते दगडांच्या निमित्ताने. मुंबईच्या परिसरातील अश्मयुगीन हत्यारांसंबंधी के. आर. यू. टॉड ह्या नौदलातील अधिकाऱ्याने १९३९ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात कांदिवली येथील थरांना महत्त्वाचे स्थान होते. त्याआधी विसाच्या दशकात बॅक बेच्या भरावासाठी येथील खाणीचा दगड वापरला गेला; त्यामुळे सरकारी कागदपत्रांतही ह्या गावाचा उल्लेख येतो. म्हणजे कांदिवलीच्या प्राचीन मानवाने घडविलेला दगड पुराणवस्तुशास्त्राने नोंदला आणि अर्वाचीन काळी खणून नेलेला दगड सरकारी दप्तराने नोंदला. ह्या दोहोंच्या मध्ये आणि नंतरही जी माणसे येथे राहिली, त्यांच्या दैनंदिन जीवनाचा पुरावा मात्र ह्या दप्तरांत फारसा सापडत नाही.

तो पुरावा अन्यत्र आहे. तो जुन्या ट्रंकांत, कपाटांच्या वरच्या फळीवर, काळ्या पानांच्या अल्बमांत आणि देवघराशेजारच्या तसबिरींत आहे. कौटुंबिक छायाचित्र हे उपनगरांच्या सामाजिक इतिहासाचे प्रथम दर्जाचे साधन आहे, आणि विशेषतः समारंभाच्या चित्रांपेक्षा साध्या, नित्याच्या प्रसंगांची चित्रे इतिहासकारास अधिक मोलाची आहेत, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात करावयाचे आहे. त्याचबरोबर ह्या साधनाच्या मर्यादा कोणत्या आणि ते टिकविण्यासाठी काय करावे, ह्याचाही विचार क्रमाने केला आहे.

२

छायाचित्रणाची कला युरोपात १८३९ साली जाहीर झाली, आणि मुंबईत ऑक्टोबर १८५४ मध्ये छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या हिंदी सभासदांपैकी होत. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. हरिश्चंद्र चिंतामण हे त्या वर्गात शिकून पुढे व्यावसायिक छायाचित्रकार झाले. तथापि त्या काळच्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर रसायन चढवून ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे, आणि बसणाऱ्याला काही सेकंद निश्चल राहावे लागे. अशा परिस्थितीत हसणे, धावणे, मुलाला कडेवर घेऊन फिरणे ह्यांपैकी काहीही काचेवर उतरणे शक्य नव्हते. जुन्या चित्रांतील माणसे गंभीर दिसतात ती केवळ स्वभावाने गंभीर होती म्हणून नव्हे. त्यांच्या मुद्रेचा काही भाग रसायनशास्त्राने ठरविलेला आहे. हे ध्यानात न घेता त्या पिढीच्या मनोवृत्तीसंबंधी अनुमाने काढणे धोक्याचे होय.

१८७१ मध्ये डॉ. रिचर्ड मॅडॉक्स ह्यांनी कोरड्या जिलेटिन काचेची कल्पना मांडली आणि पुढील दशकात त्या काचा प्रचारात आल्या. १८८८ साली ईस्टमन ह्यांचा कोडॅक कॅमेरा निघाला, तर १९०० साली एक डॉलर किमतीचा ब्राउनी कॅमेरा बाजारात आला. कॅमेरा धंदेवाईकाच्या हातून गृहस्थाच्या हाती जाण्याची ही प्रक्रिया होती. मुंबईत ह्या संक्रमणकाळातील एक लक्षणीय व्यक्ती म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा. छायाचित्रणाचा व्यवसाय करणाऱ्या ह्या गृहस्थाने १८९९ साली हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे आणि १९०१ साली रँग्लर परांजपे ह्यांच्या स्वागताचे चलच्चित्र घेतले. दादासाहेब फाळके ह्यांचे उदाहरण तर आपल्या विषयाच्या अधिक जवळचे आहे. तेही आरंभी छायाचित्रकार होते. १९१२ साली त्यांनी वाटाण्याच्या अंकुराची वाढ टिपून लघुपट केला. फिल्मला छिद्रे पाडणे व ती धुणे ही कामे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई ह्यांनी आत्मसात केली होती, आणि 'राजा हरिश्चंद्र' ह्या १९१३ च्या चित्रपटात त्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदासाच्या भूमिकेत होता. हिंदी चित्रपटसृष्टीचा आरंभ एका मराठी कुटुंबाच्या घरात झाला, हे केवळ अलंकारिक विधान नव्हे.

३

आता कांदिवलीकडे वळू. येथे रेल्वेचे स्थानक १९०७ मध्ये झाले. १९२८ साली विजेची गाडी बोरिवलीपर्यंत धावू लागली, १९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द दहिसरपर्यंत वाढून कांदिवली महानगरपालिकेच्या कक्षेत आली, साठच्या दशकात पूर्वेस ट्रॅक्टरचा कारखाना निघाला, आणि ऐंशीच्या दशकात चारकोप येथे जागतिक बँकेच्या साहाय्याने भूखंड व मूलभूत सेवा पुरविण्याची मोठी योजना हाती घेण्यात आली. भात, ताडी व खाडी ह्यांवर जगणारे गाव शंभर वर्षांच्या आत दाट वस्तीचे उपनगर झाले. हे परिवर्तन नकाशांत दिसते. पण ते माणसांनी कसे अनुभवले, हे नकाशा सांगू शकत नाही.

येथे नित्याच्या चित्राचे महत्त्व प्रत्ययास येते. विवेचनाच्या सोयीसाठी एक काल्पनिक नमुना घेऊ. ओसरीच्या पायरीवर आजी नातवास घेऊन बसली आहे. मागे मंगलोरी कौलांचे छप्पर, बाजूस विहिरीचा रहाट आणि दूरवर ताडाची झाडे दिसतात. छायाचित्र काढणाऱ्याला आजी आणि नातू हवे होते. विहीर, कौले व ताड ही त्याच्या हेतूवाचून चौकटीत आली. इतिहासकाराला मात्र ह्या हेतूवाचून आलेल्या वस्तूंचे मोल विशेष वाटते. कारण जे मुद्दाम दाखविले जाते ते सजविलेले असू शकते, आणि जे नकळत येते त्यास सजविण्याचे कारण नसते. लग्नाच्या चित्रात पाहुण्यांचे उंची कपडे दिसतात, परंतु मंडपाच्या पडद्याने घर झाकलेले असते. स्टुडिओतील चित्रात तर रंगविलेल्या पडद्यावरील राजवाड्याचा जिना असतो, आणि त्यावरून बसणाऱ्याच्या आकांक्षा कळल्या तरी त्याचा पत्ता कळत नाही.

अशा चित्राचा काळ ठरविण्यास वस्तुनिष्ठ साधने उपलब्ध आहेत. १२० क्रमांकाच्या फिल्मवर पेटीच्या कॅमेऱ्याने सामान्यतः आठ चित्रे निघत, आणि त्यांच्या ६ × ९ सेंटीमीटर आकाराच्या प्रती फिल्मशी कागद भिडवून काढीत. चौरस ६ × ६ चित्र असेल तर एका फिल्मवर बारा चित्रे निघणारा कॅमेरा संभवतो. आपल्याकडे घरोघर गेलेला आग्फा क्लिक थ्री हा त्याच जातीचा. दंतुर कडांच्या प्रती चाळीस ते साठ ह्या दशकांत विशेष प्रचारात होत्या. १९६० साली उटकमंड येथे हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली व १९६७ पासून 'इंदू' छापाचा माल निघू लागला. त्यामुळे पाकिटावरील वा कागदाच्या पाठीवरील छापही काळ सुचवितो. रंगीत प्रतींपैकी ज्या आता तांबूस पडल्या आहेत त्या बहुधा सत्तरीच्या व ऐंशीच्या दशकांतील होत. त्यांतील निळसर रंगद्रव्य इतरांपेक्षा आधी फिके पडते. ह्यांपैकी एकच खूण निर्णायक मानू नये. दोनतीन खुणा एकमेकींस पुष्टी देतील तेव्हाच निष्कर्ष काढावा.

४

एका फिल्मवर आठ किंवा बारा चित्रे, आणि स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध, अशी स्थिती असताना प्रत्येक चित्रापूर्वी कुटुंबाला एक निवड करावी लागे. बारसे, मुंज, डोहाळजेवण, घरी आलेला पाहुणा, नवी सायकल ह्यांपैकी कशावर एक चित्र खर्चावे? ही निवड हाच इतिहासाचा पुरावा होय. कोणता क्षण अर्थपूर्ण मानला गेला, ह्याचे उत्तर त्यात मिळते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ प्येर बूर्द्यू ह्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, सामान्य कुटुंबात छायाचित्रणाचे कार्य कुटुंबाचे ऐक्य साजरे करून ते दृढ करणे हे असते, असा सिद्धांत मांडला. आपल्याकडील समारंभचित्रांना तो बऱ्याच अंशी लागू पडतो. परंतु दारात वाळत घातलेल्या पापडांशेजारी उभ्या असलेल्या मुलीचे चित्र काढणारा गृहस्थ कोणते ऐक्य साजरे करीत होता? तेथे केवळ जिव्हाळा होता, असे मानल्यावाचून गत्यंतर नाही. सिद्धांताच्या जाळीतून निसटणारी अशी चित्रे संख्येने थोडी असली तरी विचाराने मोठी आहेत.

उलटपक्षी, अल्बमात काय नाही ह्याचाही शोध घेतला पाहिजे. आजारपण, भांडण, कर्ज, नोकरी गेल्याचा दिवस ह्यांची चित्रे कोणी काढून ठेवीत नाही. विशेष विचारार्ह उणीव म्हणजे स्वयंपाकघराची. जुन्या कौटुंबिक संग्रहांत स्त्री ओसरीवर, अंगणात, देवळाच्या पायरीवर दिसते. जेथे तिचा दिवसातील अधिकांश काळ जाई त्या चुलीपाशी ती क्वचितच दिसते. ही उणीव स्त्रीच्या श्रमांविषयीच्या अनास्थेमुळे आहे असे सहज म्हटले जाईल. परंतु पेटीच्या कॅमेऱ्याला भरपूर ऊन लागे आणि धुराने काळवंडलेल्या स्वयंपाकघरात त्यास काहीच टिपता येत नसे, हेही तितकेच खरे आहे. दोन कारणांपैकी कोणते प्रबळ, हे ठरविण्याची कसोटी कालक्रमच देतो. ऐंशीच्या दशकापासून अंगभूत फ्लॅश असलेले ३५ मिलिमीटरचे स्वस्त कॅमेरे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले आणि प्रकाशाची अडचण संपली. त्यानंतरच्या अल्बमांत स्वयंपाकघर आले असेल, तर पूर्वीची उणीव मुख्यतः तंत्राची होती. ते तरीही आले नसेल, तर ती दृष्टीची होती. ही कसोटी कांदिवलीतील शंभर अल्बमांना लावून पाहण्याजोगी आहे, आणि पदव्युत्तर प्रबंधासाठी याहून सुटसुटीत प्रश्न सापडणे कठीण.

दुसरी उणीव कॅमेरा धरणाऱ्याची. बहुधा तो घरातील कर्ता पुरुष असे. त्यामुळे संग्रहभर सर्व कुटुंब दिसते आणि तोच दिसत नाही. सूर्य पाठीशी ठेवून चित्र घ्यावे असा तेव्हाचा नियम असल्यामुळे सकाळच्या वा संध्याकाळच्या चित्रांत पुष्कळदा त्याची लांब सावली मुलांच्या पायांपर्यंत आलेली असते, तेवढीच त्याची नोंद. स्त्रियांच्या हाती कॅमेरा आल्यावर दृष्टीत काय फरक पडतो, हे होमाई व्यारावाला ह्यांच्या उदाहरणावरून समजते. पुढे पहिल्या भारतीय वृत्तछायाचित्रकार स्त्री म्हणून त्यांची ख्याती झाली. परंतु तिसाच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत त्यांनी घेतलेल्या चित्रांत जे. जे. स्कूलमधील मैत्रिणी व शहरातील नित्याचे जीवन आढळते.

५

छायाचित्र हा स्वयंसिद्ध पुरावा आहे, असा एक समज आहे. तो सोडला पाहिजे. ज्याच्या पाठीवर नाव नाही, आणि ज्यातील माणसांना ओळखणारे कोणी उरले नाही, ते चित्र इतिहासाच्या दृष्टीने अर्धे मुके असते. वेशभूषा, घर, वस्तू ह्यांविषयी ते बोलेल. नाती, प्रसंग, कारणे ह्यांविषयी बोलणार नाही. ही उरलेली अर्धी वाणी वृद्धांच्या स्मरणात असते. म्हणून अल्बम गोळा करणे आणि त्याच्या मालकाची साक्ष नोंदविणे ही दोन कामे वेगळी नाहीत. मुंबईतून २०१० साली अनुषा यादव ह्यांनी सुरू केलेल्या 'इंडियन मेमरी प्रोजेक्ट' ह्या उपक्रमात कौटुंबिक चित्र आणि त्यामागील वृत्तांत एकत्र ठेवले जातात. ही पद्धत अनुकरणीय आहे.

ह्या कामात विलंब परवडणारा नाही. उपनगरांतील जुन्या चाळी, बैठी घरे व पन्नास वर्षांपूर्वीच्या सोसायट्या पुनर्बांधणीसाठी पाडल्या जात आहेत. बिऱ्हाड हलविताना भांडी व कपाटे मोजून नेली जातात. बुरशी लागलेला अल्बम मात्र टाकून देण्याच्या ढिगात जातो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि नद्यानाल्यांकाठची तळमजल्यावरील घरे पाण्यात गेली. भिजलेल्या प्रतींचे जिलेटिन एकमेकींस चिकटते व त्या सोडविताना चित्रच उखडते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांस त्या एका दिवसाने किती पुरावा नेला असेल ह्याची कल्पना येईल. उलट आज प्रत्येकाच्या हातातील मोबाईलमध्ये हजारो चित्रे आहेत. परंतु निवडीचे बंधन नाहीसे झाल्यामुळे त्यांतील कोणता क्षण त्या कुटुंबास अर्थपूर्ण वाटला, हे पुढील अभ्यासकास ओळखणे दुष्कर होणार आहे. दुर्भिक्षाने पूर्वी जे काम आपोआप केले, ते आता प्रत्येक कुटुंबास जाणीवपूर्वक करावे लागेल.

ह्या दृष्टीने विभागातील विद्यार्थ्यांस तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, आपल्या घरातील प्रत्येक जुन्या चित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने नावे, स्थळ व अदमासे वर्ष लिहावे. शाईचा व चिकटपट्टीचा उपयोग करू नये. दुसरी, अल्बमातील चित्रांचा क्रम मोडण्यापूर्वी पानांची प्रतिकृती घ्यावी, कारण कोणते चित्र कोणाशेजारी लावले हाही पुरावाच आहे. तिसरी, कुटुंबाच्या संमतीवाचून कोणतेही चित्र प्रसिद्ध करू नये. त्यात माणसांचे खासगी जीवन आहे आणि अभ्यासकाचा अधिकार त्यांच्या इच्छेनंतरचा आहे. कांदिवलीच्या आदिमानवाविषयी आपणास त्याच्या दगडांवरून जेवढे कळते, त्यापेक्षा कौलारू ओसरीवर बसलेल्या त्या आजीविषयी अधिक कळावे, अशी अपेक्षा अवाजवी नाही. ती पुरी होण्यास लागणारी माणसे आज आपल्यात आहेत. त्यांना विचारण्याचे काम ह्याच पिढीचे आहे.