शिखरापूर्वींची चढाई

यवतमाळ जिल्ह्यांतील वणीचा मुलूख काळ्या मातीचा व पऱ्हाटीचा. उन्हाळ्यांत येथें पारा पंचेचाळीस अंशांच्या घरांत जातो, आणि बर्फ पाहावयाचें तें सरबताच्या गाडीवर. वर्धा नदी ओलांडली कीं चंद्रपूर जिल्हा लागतो, हवापाणी तेंच. त्या जिल्ह्यांतील बोर्डा, देवाडा, जिवती इत्यादि ठिकाणच्या आश्रमशाळांतून निवडलेले दहा आदिवासी विद्यार्थी २०१८ सालीं एव्हरेस्टच्या मोहिमेवर गेले, आणि त्यांपैकीं पांच जणांनीं मे महिन्यांत शिखर गांठलें. ही वार्ता ऐकून पुष्कळांस चमत्कार वाटला. परंतु गिर्यारोहणाचा इतिहास पाहिला म्हणजे यांत चमत्कार कमी व तयारी अधिक, हें ध्यानांत येतें.

एव्हरेस्टची उंची ८,८४९ मीटर. त्याच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानानें सुमारें एक-तृतीयांशच उरतो, त्यामुळें प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायूहि तितकाच तोकडा. ही उणीव केवळ धैर्यानें भरून निघत नाहीं. आरोहक वरच्या तळावर जातो, पुन्हा खालीं येऊन विसावतो, पुन्हा चढतो. अशा येरझारांत कित्येक आठवडे लोटतात, तेव्हां कोठें शरीरास विरळ हवेची संवय होते.

हें ज्ञान स्वस्तांत मिळालेलें नाहीं. ७ जून १९२२ रोजीं, नुकत्याच पडलेल्या बर्फावरून ब्रिटिश तुकडी तिसऱ्यांदा वर निघाली असतां हिमलोट कोसळला व सात भारवाहक प्राणांस मुकले. साहेबांच्या महत्त्वाकांक्षेचें मोल भारवाहकांनीं दिलें, हें विसरतां कामा नये. पुढें १९५३ च्या मोहिमेंत शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांच्या संशोधनाचा आधार घेण्यांत आला. प्राणवायू किती घ्यावा, पाणी किती प्यावें, यांचेंहि गणित मांडलें गेलें. त्याच मोहिमेंत २६ मे रोजीं बूर्डिलन व इव्हान्स हे दक्षिण शिखरावर पोंचले. मुख्य माथा तेथून अवघा शंभर मीटर उंच! परंतु वेळ टळली होती, प्राणवायूचें यंत्र कुरकुरत होतें, ते परतले. तीन दिवसांनीं हिलरी व तेनसिंग यांनीं तो माथा गांठला. जगास विजेत्यांचीं नांवें ठाऊक आहेत. परतण्याचा विवेक दाखविणाऱ्यांचीं कितीकांस?

तयारीची ही विद्या पुढें शाळेंत आली. १९५४ सालीं दार्जिलिंग येथें गिर्यारोहणाची संस्था निघाली आणि तेनसिंग तेथें शिक्षक झाले. १९९८ सालीं सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोंचले, तेव्हां महाराष्ट्रांतील तरुणांस तो मार्ग आपलासा वाटूं लागला. २०१४ सालीं तेलंगणांतील मलावत पूर्णा हिनें वयाच्या तेराव्या वर्षीं शिखर सर केलें. तिनें पहिले धडे भोंगीरच्या खडकावर गिरविले होते. चंद्रपूरच्या मुलांनींहि तोच क्रम स्वीकारला: प्रथम आपल्याकडचा तापलेला खडक, मग दार्जिलिंगचें बर्फ, त्यानंतर लडाखची थंडी व उंची. खडकावर हातापायांची पकड शिकावयाची, बर्फांत दोर व कुऱ्हाड वापरावयास शिकावयाचें, आणि उंचीवर आपल्याच श्वासाची ओळख करून घ्यावयाची. एकहि पायरी गाळून चालत नाहीं.

आतां उरलेल्या पांच विद्यार्थ्यांविषयीं. माथा त्यांस लाभला नाहीं, म्हणून त्यांची गणना अपयशी लोकांत करावयाची काय? तसें केल्यास आपण गिर्यारोहणाचा इतिहास वाचलाच नाहीं असें होईल. डोंगर उद्याहि तेथेंच असतो. माणूस मात्र घरीं परत यावा लागतो. आपल्या मुलांस धाडसास उत्तेजन देणाऱ्या आईबापांनीं त्यांस चढावयास शिकवावेंच, परंतु कोठें थांबावें हेंहि शिकवावें. तयारीचा शेवटचा व सर्वांत कठीण धडा तोच होय.