मूठ, पातं आणि फळी

मराठीत ऊर भरून येतो, दडपतो, फुटतो. माणसं दुःखाने ऊर बडवतात, लेकराला उराशी धरतात, आणि नकोसा पाहुणा उरावर येऊन बसतो. एवढी श्रीमंती असूनही उराच्या मधोमध असलेल्या हाडाला बोलीत स्वतःचं नाव नाही. ते नुसतं ‘छातीचं हाड’. शाळेच्या पुस्तकात त्याची ‘उरोस्थी’ झाली. उरस् आणि अस्थि यांचा संधी करताना संस्कृतात ‘उरोऽस्थि’ असा अवग्रह येतो; मराठीने तो सोडला आणि शेवटची वेलांटी दीर्घ केली.

डॉक्टर ज्याला स्टर्नम म्हणतात तो शब्द ग्रीक ‘स्टेर्नोन’ म्हणजे छाती यावरून आला. त्याचं नातं ‘पसरणे’ या अर्थाच्या जुन्या धातूशी जोडतात. संस्कृतात तो धातू ‘स्तृ’. आपला ‘विस्तार’ त्याच्याच कुळातला आणि ‘आस्तरण’पासून आलेलं अंथरूणही. म्हणजे रोज रात्री आपण जे घालतो ते आणि छातीचं हे पसरट हाड, दोघांचं मूळ एकच ठरतं. मला हे नातं फार आवडतं.

या हाडाचे भाग पाडताना मात्र युरोपातल्या शरीरशास्त्रज्ञांना त्यात तलवार दिसली. वरचा रुंद भाग ‘मॅन्युब्रियम’, लॅटिनमध्ये मूठ. मधला लांबट भाग ‘ग्लॅडिओलस’, छोटी तलवार. फुलदाणीतल्या ग्लॅडिओलसला हे नाव पात्यासारख्या पानांमुळे मिळालं. खालचं टोक ‘झिफॉइड’, ग्रीक ‘झिफोस’ म्हणजे तलवार, म्हणून तलवारीसारखं. आपल्या आयुर्वेद महाविद्यालयांत याच हाडाला ‘उरःफलक’ म्हणतात. फलक म्हणजे फळी. फळा आणि फळी त्यातूनच आले. पण संस्कृतात फलक म्हणजे ढालही. तिकडे तलवार, इकडे ढाल! हृदयापुढे उभ्या असलेल्या चपट्या हाडाला ढालच शोभते, असं माझं मत आहे.

गळ्याखालच्या खळगीत बोट ठेवून ते सरळ खाली सरकवा. साधारण पाच सेंटिमीटरवर एक आडवा उंचवटा लागतो. मूठ आणि पातं जुळतात ती ही जागा. तिच्या दोन्ही बाजूंना दुसरी बरगडी येऊन मिळते. पहिली बरगडी गळपट्टीच्या हाडाआड दडलेली असल्यामुळे हाताला नीट लागत नाही, म्हणून बरगड्यांची मोजणी इथून सुरू करायची. ईसीजी काढताना चौथ्या आणि पाचव्या बरगडीमधली जागा शोधतात, तीही इथूनच मोजत. या उंचवट्याला ‘लुईचा कोन’ म्हणतात, अठराव्या शतकातला फ्रेंच शल्यविशारद अंत्वान लुई याच्या नावावरून.

तलवारीची उपमा खरी अडते ती हाडाच्या जन्मापाशी. गर्भात सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास छातीच्या डाव्या-उजव्या बाजूंना पेशींच्या दोन उभ्या पट्ट्या तयार होतात. त्या बरगड्यांपासून फुटलेल्या नसतात. त्यांचं मूळ वेगळं. पुढे त्यांची कूर्चा बनते, म्हणजे कोवळं हाड. मग त्या एकमेकींकडे सरकतात, बरगड्यांची टोकं त्यांना येऊन भिडतात आणि दहाव्या आठवड्याच्या आसपास वरून खाली अशा त्या मधोमध सांधल्या जातात. क्वचित सांधणं अर्धवट राहतं आणि छातीत फट उरते. काही माणसांत हाडाच्या खालच्या भागात लहानसं भोक राहून जातं. त्याचा त्रास सहसा काहीच नसतो, पण मज्जा काढण्यासाठी तिथे सुई घालणाऱ्याला ते माहीत असलेलं बरं, कारण मागेच हृदय असतं.

गर्भाच्या पाचव्या-सहाव्या महिन्यापासून या कूर्चेत हाडाची केंद्रं उमटू लागतात. मधल्या भागाचे चार तुकडे होतात. ते पुढे एकमेकांना जोडले जातात ते मात्र खालून वर, तारुण्याच्या सुरुवातीपासून पंचविशीपर्यंत. झिफॉइडचं टोक तर चाळिशीपर्यंतही कूर्चाच राहू शकतं. हृदयाची शस्त्रक्रिया करताना करवतीने हे हाड मधोमध उभं चिरतात, म्हणजे जिथे त्या दोन पट्ट्या जुळल्या होत्या तिथेच, आणि शेवटी पोलादी तारेने पुन्हा बांधतात.

उरातली हाडं चरकसंहितेत चौदा सांगितली आहेत, सुश्रुतसंहितेत आठ. आजचं पुस्तक एकच हाड आणि त्याचे तीन भाग सांगतं. दोन्ही संहितांची मोजण्याची रीत वेगळी आहे, हे उघड आहे. पण कोवळ्या वयात हे हाड खरोखरच तुकड्यातुकड्यांचं असतं, ते लक्षात घेतलं की जुने आकडे हसण्यावारी नेता येत नाहीत.

ऊर या शब्दाचा आणखी एक नातलग सांगायलाच हवा. साप म्हणजे ‘उरग’, उराने चालणारा. पण सापाला उरोस्थी नसतेच. त्याच्या बरगड्यांची टोकं खाली मोकळी असतात, म्हणून डोक्याहून जाड भक्ष्य गिळतानाही त्याची छाती ताणली जाऊ शकते.