खड्ड्यांतून निघालेली डिग्री

मंडळी, सरकारी कारभार शिकवणारी मास्टर्स डिग्री, म्हणजे एमपीए, आली कुठून माहितीये? मला तरी वाटायचं, कुठल्यातरी मोठ्या विद्यापीठातून. पण तिची मुळं न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर आहेत!

१९०६ साली हेन्री ब्रुएर आणि त्याचे सोबती मॅनहॅटनचा कारभार तपासायला लागले. सरकारी माणसं नव्हती ही. देणग्यांवर चालणारं काम. रस्तेदुरुस्तीवर खर्च किती, प्रत्यक्ष काम किती, हे त्यांनी मांडलं. (आपल्या गल्लीत करून बघा कुणीतरी!) प्रकरण इतकं तापलं की १९०७ च्या डिसेंबरमध्ये गव्हर्नर ह्यूज यांनी मॅनहॅटनचे प्रमुख जॉन अहर्न यांना पदावरूनच काढलं.

आता असा हिशेब तपासणारी माणसं आणायची कुठून? म्हणून त्यांच्याच ब्यूरो ऑफ म्युनिसिपल रिसर्चनं १९११ मध्ये ट्रेनिंग स्कूल काढलं. पैसा मेरी हॅरिमन या धनाढ्य बाईंचा. मला सगळ्यात आवडतं ते हे, की पोरं पुस्तकापेक्षा शहराच्या ऑफिसांत घुसून शिकायची. १९२४ मध्ये हे स्कूल सिराक्यूज विद्यापीठाच्या नव्या मॅक्सवेल स्कूलमध्ये गेलं.

त्याच मॅक्सवेलचे डीन पॉल ॲपलबी यांनी १९५३ मध्ये आपल्या देशाच्या कारभारावर अहवाल दिला. पुढच्याच वर्षी दिल्लीत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ॲडमिनिस्ट्रेशन सुरू झालं.