'गेंडा' शब्दाचे कूळ

'गेंड्याच्या कातडीचे सरकार' हा शब्दप्रयोग सीमाभागातील मराठी माणसाने आजवर इतक्या निवेदनांत आणि इतक्या मोर्चांत केला आहे, की तो करताना गेंडा नावाचा प्राणी डोळ्यांपुढे येतही नाही. येणार तरी कसा? आसामातील काझीरंगा किंवा नेपाळातील चितवन यांसारखी दूरची राने गाठल्याखेरीज एकशिंगी गेंडा त्याच्या रानात पाहावयास मिळत नाही. प्राणी आपल्या मुलखात नाही, शब्द मात्र घरोघरी आहे. तो आला कोठून, हे तपासणे म्हणूनच मनोरंजक ठरते.

संस्कृतात या प्राण्याची दोन प्रमुख नावे आहेत : खड्ग आणि गण्डक. अमरकोशाने गण्डक, खड्ग व खड्गिन् ही तीन पर्यायी नावे नोंदविली आहेत. 'नाकावर तलवारीसारखे शिंग, म्हणून खड्ग' ही उपपत्ती आपण शाळेत ऐकलेली असते आणि ती पटतेही. परंतु ग्रंथांचा कालक्रम तिला साथ देत नाही. यजुर्वेदाच्या वाजसनेयी व मैत्रायणी संहितांत 'खड्ग' आढळतो तो प्राण्याचे नाव म्हणून. तलवार या अर्थी हा शब्द महाभारतासारख्या नंतरच्या ग्रंथांतून रूढ झालेला दिसतो. म्हणजे ज्ञात साहित्यात आधी गेंडा येतो, मग शस्त्र. पालीतील सुत्तनिपातात 'खग्गविसाण' नावाचे एक सूत्रच आहे. एकाकी विहार करणाऱ्या साधकाला तेथे गेंड्याची (काहींच्या मते गेंड्याच्या एकट्या शिंगाची) उपमा दिली आहे. मनुस्मृती तर भक्ष्य पंचनखी प्राण्यांत खड्गाची गणना करते. वास्तविक गेंड्याच्या प्रत्येक पायाला नखे तीनच असतात. स्मृतिकारांनी ती मोजली नसावीत.

आता 'गेंडा'. हा शब्द गण्डकापासून आला असे सांगून बहुतेक लोक थांबतात. येथे एक अडचण आहे, आणि ती महत्त्वाची आहे. संस्कृतातील 'अण्ड' या ध्वनिसमूहाचे मराठीत सहसा 'आंड' होते : दण्डकाचा दांडा झाला, मण्डपाचा मांडव झाला. त्या न्यायाने गण्डकाचा 'गांडा' व्हावयास हवा होता. मग हा 'ए' कोठून आला? भारतीय आर्य भाषांचा तौलनिक कोश रचणाऱ्या राल्फ टर्नर यांनी यासाठी गण्ड या रूपाशेजारी 'गयण्ड' असे एक दुसरे रूप कल्पिले आहे. ते ग्रंथांत सापडत नाही, अनुमानाने सिद्ध केलेले आहे. पूर्वेकडील भाषा पहिल्या रूपाच्या वारस आहेत : बंगालीत गण्डार, उडियात गण्डा. पश्चिम व उत्तरेकडील भाषा दुसऱ्याच्या : हिंदीत गैंडा, गुजरातीत गेंडो, मराठीत गेंडा. टर्नर आणखी पुढे जाऊन खड्ग आणि गण्ड हे दोन्ही शब्द एकाच आर्येतर मुळाचे असावेत, असे सुचवितात. मला हे मत ग्राह्य वाटते. जो प्राणी आर्यभाषकांना या देशात आल्यावर भेटला, त्याचे नावही त्यांनी येथल्याच लोकांकडून घेतले असेल, तर त्यात नवल नाही.

गण्ड म्हणजे गाल, फोड किंवा गाठ. कातडीवरील गाठींमुळे हे नाव पडले, असेही सांगतात. ही नंतर सुचलेली व्युत्पत्ती दिसते. आपल्या ताईताच्या गंड्याचा आणि कर्नाटकाच्या राजमुद्रेवरील द्विमुखी गंडभेरुंडाचा तर गेंड्याशी काडीचाही संबंध जोडू नये.

या शब्दाच्या इतिहासात गोव्याचेही एक पान आहे. दीवला किल्ला बांधण्याची परवानगी मागण्यासाठी अल्फोन्सो द आल्बुकर्कने 1514 साली गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह याच्याकडे वकील धाडले. परवानगी मिळाली नाही, भेट म्हणून गेंडा मात्र मिळाला. आल्बुकर्कने तो गोव्याहून राजा मानुएलकडे पाठविला आणि 20 मे 1515 रोजी तो लिस्बनला उतरला. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, हत्ती पळाला. पुढे पोपकडे नजराणा म्हणून जाताना जहाज बुडाले आणि तो बिचारा मेला. जर्मन चित्रकार ड्यूररने त्याला न पाहताच, केवळ वर्णन व रेखाटन यांवरून काढलेले लाकडी ठशाचे चित्र जगप्रसिद्ध झाले. चित्रावर ग्रीक वळणाचे नाव आहे, पण पोर्तुगीज त्या प्राण्याला 'गांदा' म्हणत. पाचशे वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावर कानी पडलेला हा उच्चार परक्या लिपीत असा टिकून राहिला.

महाराष्ट्राच्या भूमीला हा प्राणी अगदी अनोळखी नव्हता. प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974 मध्ये काशाच्या चार वस्तू सापडल्या : रथ, हत्ती, रेडा आणि गेंडा. घडविणाऱ्याला गेंड्याचे रूप माहीत होते, हे ती मूर्ती पाहताच ध्यानात येते; त्याचे नाव तो काय घेत असे, ते मात्र काशावर उमटत नाही. मराठेशाहीत गेंड्याच्या कातड्याच्या ढाली मानाच्या समजल्या जात. बडोद्यात खंडेराव गायकवाडांच्या काळी गेंड्यांच्या झुंजी होत. फ्रेंच प्रवासी लुई रूसले याने त्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. तलवारीचा वार झेलणारी ती ढालच पुढे 'गेंड्याची कातडी' बनून राज्यकर्त्यांच्या अंगावर चढली असावी.

बेळगावात कन्नड बोलणारा आपला शेजारी या प्राण्याला 'खड्गमृग' म्हणतो आणि 'घेंडामृग'ही म्हणतो. पहिला शब्द सरळ संस्कृतातून घेतलेला आहे. दुसऱ्यात मात्र आपला गेंडा आहे. 'ग'चा 'घ' झालेला आणि पुढे 'मृग' जोडलेला. 1956 साली राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या, त्याच्या कितीतरी आधी हा शब्द इकडून तिकडे गेला होता.