२५२० आणि रामानुजन यांची यादी

मोबाइलवर वर्षानुवर्षे फिरणाऱ्या एका मजकुराचे म्हणणे असे : १ ते १० या सर्व संख्यांनी निःशेष भाग जाणारी २५२० ही एकमेव संख्या. ती रामानुजन यांनी शोधली. आणि तिचे गूढ भारतीय कालगणनेत आहे, कारण आठवड्याचे ७ दिवस, महिन्याचे ३० दिवस आणि वर्षाचे १२ महिने यांचा गुणाकार तेवढाच येतो. असल्या निरुपद्रवी अभिमानाला कशाला टोकायचे, असे पुष्कळांना वाटते. मला मात्र यात रामानुजन यांचाच अवमान दिसतो.

‘एकमेव’ हे तर उघड चूक. ५०४०, ७५६०, २५२०ची कोणतीही पट घ्या, तिलाही भाग जातोच. २५२० ही त्यांतली सर्वांत लहान, म्हणजे शाळेतला लसावि. तो काढण्याची रीत युक्लिडने सुमारे २३०० वर्षांपूर्वी, आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात दिली आहे.

आता कालगणना. ३० × १२ म्हणजे ३६०. तिला १ ते १० पैकी फक्त ७ने भाग जात नाही. ७ने गुणले की तेवढी उणीव भरते. आठवड्याऐवजी सप्तर्षी किंवा सप्तस्वर घेतले असते तरी उत्तर हेच. शिवाय आपले चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौर वर्ष ३६५ दिवसांचे. त्यांची तोंडमिळवणी करायलाच अधिक मास लागतो. मग हे ३६० कुठले?

‘पण २५२० रामानुजन यांच्या यादीत आहेच ना?’ आहे, पण वेगळ्या हक्काने. आपल्याहून लहान प्रत्येक संख्येपेक्षा जिचे विभाजक जास्त, अशा ‘अतिसंयुक्त’ संख्यांवर त्यांनी १९१५ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात दीर्घ निबंध लिहिला. २५२०चे विभाजक ४८. तिच्याआधी १६८०ची मजल ४०पर्यंतच. त्यांना एका संख्येचे कौतुक नव्हते. अशा संख्यांच्या अवयवांत मूळ संख्यांचे घातांक कोणत्या नियमाने उतरत जातात, हे त्यांना हवे होते. याच कामावर १९१६ साली केंब्रिजने त्यांना पदवी दिली. महायुद्धाच्या तंगीत निबंधाचा उरलेला भाग छापायचा राहिला, तो १९९७ साली प्रसिद्ध झाला.

या निबंधातली त्यांची यादी ६७,४६,३२,८३,८८,८००पर्यंत जाते, तीही संगणक नसताना. एवढ्या पसाऱ्यात एकच संख्या गळली : २,९३,३१,८६,२५,६००. २चा सहावा घात, ३चा चौथा, ५ आणि ७ यांचे वर्ग, आणि ११, १३, १७, १९ यांचा हा गुणाकार. घातांकांत एकेक मिळवून गुणा : ७ × ५ × ३ × ३ × २ × २ × २ × २. विभाजक आले ५०४०, म्हणजे २५२०च्या बरोबर दुप्पट. यातही कुणी गूढ शोधू नये.

रामानुजन यांच्या नावाने काही पुढे पाठवायचेच असेल, तर ही गळलेली संख्या पाठवा.